दोन करड्या छटा, एक भिंत

घराला रंग देण्याची वेळ आली की शेडकार्ड उघडले जाते आणि शेजारी शेजारी असलेल्या दोन करड्या छटांपाशी कुटुंबाचे एकमत अडते. 'दोन्ही सारख्याच, कोणतीही घ्या' असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. तो सोयीचा असला, तरी योग्य नव्हे.

अमेरिकेतील शेर्विन-विल्यम्स कंपनीच्या 'अग्रीएबल ग्रे' व 'रिपोज ग्रे' या लोकप्रिय छटांचे उदाहरण घेता येईल. रंग किती प्रकाश परावर्तित करतो, हे ० ते १०० या अंकांत मोजतात. ० म्हणजे निखळ काळा, १०० म्हणजे निखळ पांढरा. या मापनात पहिल्या छटेचा अंक ६०, तर दुसरीचा ५८. उजळपणात फरक नगण्यच. खरा भेद आहे तो आतल्या झाकेत. पहिलीत मातकट ऊब आहे. दुसरी तुलनेने थंड, किंचित जांभळट. कार्डावरच्या बोटभर चौकोनात ही झाक लपून राहते; चारही भिंतींवर मात्र ती उघड होते.

ती किती उघड होईल, हे प्रकाश ठरवतो. उत्तरेकडील खोलीत थेट ऊन क्वचितच येते. तेथील निळसर उजेडात थंड करडा अधिकच उदास भासतो, उबदार करडा खोली सावरून धरतो. पश्चिमेच्या खोलीत सायंकाळच्या उन्हात उबदार करडा पिवळट वाटू लागतो. तेथे थंड छटा शोभते. रात्री २७०० केल्विनचा पिवळसर दिवा आणि ६५०० केल्विनचा पांढरा दिवा यांखाली एकच भिंत दोन रंगांची वाटू शकते.

म्हणून निवड दुकानाच्या झगझगाटात नव्हे, घरातच व्हावी. दोन्ही छटांचे लहान डबे आणून, प्रायमर लावलेल्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे दोन हात देऊन रंगवावेत. ते सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर पाहावेत. कर्जाचा हप्ता कोणीही भरत असो, त्या खोलीत दिवसभर वावरणाऱ्याचे मत अधिक मोलाचे मानावे.

गृहकर्ज घेताना सुज्ञ ग्राहक केवळ व्याजदराचा आकडा पाहत नाही, साऱ्या अटी वाचतो. रंगाच्या बाबतीतही तोच विवेक हवा. नमुन्याच्या डब्यांचा खर्च किरकोळ असतो; भिंत पुन्हा रंगवायची झाल्यास रंग आणि मजुरी दोन्ही दुसऱ्यांदा मोजावी लागतात. तेवढी ऐपत नसेल, तर नावडती भिंत वर्षानुवर्षे सोबत करते.