आजोबांचा चेहरा हिरवा का झाला?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्या पिढीचा आपल्या घरात एखाददुसराच फोटो असतो. राजूरच्या एका घरातला आजोबांचा असाच कृष्णधवल फोटो छापला, तर चेहरा हिरवट! प्रिंटरने रंगीत शाया मिसळून करडा रंग केला होता. ड्रायव्हरमध्ये ‘ग्रेस्केल’ आणि मॅट कागद निवडला, तेव्हा छटा गेली.

डाय शाई उजेडाने लवकर उडते. पिगमेंट शाई अधिक टिकते. पण साध्या प्रिंटरमधली काळी पिगमेंट चकचकीत कागदावर बसत नाही, बोटाला लागते. म्हणून मॅट कागदच घ्या. फोटो काचेमागे, उन्हापासून दूर लावा.

मूळ फोटो टाकू नका. मागे पेन्सिलीने नाव, गाव लिहा. नातवंडांना आपली माणसे ओळखता आली पाहिजेत.