डेंग्यू एकदा झाला, म्हणजे सुटलो का?

"डॉक्टर, मला डेंग्यू होऊन गेलाय, म्हणजे अँटीबॉडीज असतील ना?" असे अनेक रुग्ण निर्धास्तपणे विचारतात. अँटीबॉडीज असतील, पण डेंग्यूच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेला की त्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, इतर तीन प्रकारांपासून मात्र थोडे दिवसच. पुढे दुसरा प्रकार शरीरात शिरला, तर जुन्या अँटीबॉडीज त्याला चिकटतात, पण निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट त्यांच्या आधाराने विषाणू काही पांढऱ्या पेशींत सहज शिरतो आणि वाढतो. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू गंभीर होण्याचा धोका जास्त असतो. प्रत्येकाला तसे होतेच असे नाही.

याच धोक्यामुळे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डेंग्व्हॅक्सिया ही लस देण्याआधी पूर्वी डेंग्यू झाला होता का, हे तपासण्यावर भर दिला.

तेव्हा ताप आला की पूर्वीच्या डेंग्यूची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. ताप उतरला म्हणून गाफील राहू नका. खरा धोका त्याच सुमारास असतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, रक्तस्राव, खूप ग्लानी यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठा. आणि घरात पाणी साचू देऊ नका. डास टाळला, तर चारही प्रकार टळतात.