शेक संपले, मग ऑपरेशन लगेच का नाही?

“डॉक्टर, शेक संपून आठ दिवस झाले. गाठ अजून आतच आहे. ऑपरेशन कधी करणार?” गुदाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णाचे नातेवाईक हे विचारतात तेव्हा आवाजात काळजी असते, थोडा संशयही असतो. गंमत म्हणजे सहा आठवड्यांनी त्याच घरातून फोन येतो, “बाबांना आता खूप बरं वाटतंय, रक्त पडायचं थांबलंय. ऑपरेशन दिवाळीनंतर केलं तर?” दोन्ही वेळा माझं उत्तर “नाही” असंच असतं.

आधी घाई का नको ते सांगतो. साधारण पाच-साडेपाच आठवडे रोज शेक आणि सोबत केमोच्या गोळ्या, असा हा उपचार असतो. किरणांनी कर्करोगाची पेशी जागच्या जागी जळून जात नाही. तिच्या आतल्या डीएनएची मोडतोड होते आणि पुढे ती पेशी विभागायला जाते तेव्हा मरते. म्हणजे मशीन बंद झालं तरी गाठ आकसत राहते, अनेक आठवडे. फ्रान्समधल्या ल्यों शहरात दोन गटांची तुलना झाली होती: शेकानंतर 2 आठवड्यांत ऑपरेशन आणि 6 ते 8 आठवड्यांनी ऑपरेशन. थांबलेल्या गटात गाठ जास्त आकसली. हा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. शिवाय शेक संपताना त्या भागाला सूज असते, संडासला जळजळ होते, भूक मेलेली असते. अशा शरीरावर एवढं मोठं ऑपरेशन कशाला?

मग 8 आठवडे चांगले तर 11 आणखी चांगले? हेही फ्रान्समध्येच तपासलं गेलं. ग्रेकार-6 या चाचणीत 265 रुग्णांपैकी काहींचं ऑपरेशन 7 आठवड्यांनी झालं, काहींचं 11 आठवड्यांनी. गाठ पूर्ण नाहीशी होण्याचं प्रमाण 15 आणि 17 टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. पण ऑपरेशननंतरचे त्रास 32 टक्क्यांवरून 44 टक्क्यांच्या वर गेले. गुदाशयाभोवतीचं चरबीचं आवरण अखंड निघायला हवं, तेही उशिराच्या गटात कमी वेळा नीट निघालं. सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत हे खरं. काहींत उशिराने थोडा फायदा दिसतो. तरी माझं मत असं की 8 आठवड्यांच्या आसपास ऑपरेशन व्हावं. अशक्त रुग्णाला दहापर्यंत थांबवावं. त्यापुढे न्यायचं तर वैद्यकीय कारण हवं. ‘थिएटर रिकामं नव्हतं’ हे कारण नव्हे आणि ‘मुलीचं लग्न आहे’ हेही नाही.

रक्त थांबलं म्हणजे रोग गेला असं नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. गाठ लहान झाली की रक्त थांबतंच, आत पेशी जिवंत असल्या तरी. काही रुग्णांत गाठ खरोखर दिसेनाशी होते. त्यांचं ऑपरेशन न करता लक्ष ठेवायचं, हा मार्ग ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी दाखवला. पण तिथेही साधारण चारातल्या एकाची गाठ दोन वर्षांत परत उगवते. म्हणून दर काही महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण, एमआरआय. हे जमणार नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

तुमचे शेक फक्त पाच दिवसांचे असतील, किंवा मधल्या काळात सलाइनमधून केमो चालू असेल, तर आठवड्यांचं गणित वेगळं. ते तुमच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

शेवटच्या शेकाच्या दिवशी दोन तारखा फाइलवर लिहून मागा: एमआरआय आणि दुर्बिणीची एक, ऑपरेशनची एक. जन आरोग्य योजनेत किंवा विम्यात बसत असाल तर मंजुरीची कागदपत्रं तेव्हाच सुरू करा; माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त दिवस तिथेच जातात. तंबाखू आजच बंद. डाळ, अंडी, दूध वाढवा, रोज चाला, हिमोग्लोबिन तपासून घ्या. पोटावर पिशवी लागणार का, तात्पुरती की कायमची, हेही याच काळात विचारा, ऑपरेशनच्या आदल्या रात्री नको.

आणि पोट फुगलं, वारा सरेनासा झाला, उलट्या सुरू झाल्या, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.