इंजिन खोलावे लागले तर?

हळदीचा सौदा करणारा व्यापारी पोत्याचे तोंड पाहून भाव ठरवीत नाही. तो पोत्याच्या पोटातला नमुना काढतो, कांडी मोडून आतला रंग पाहतो आणि मगच भाव बोलतो. सराफ कसोटीवर घासल्याशिवाय सोन्याला सोने म्हणत नाही. वस्तूचे बाह्यरूप आणि अंतरंग यांत अंतर असू शकते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. तथापि हेच शहाणपण जुन्या मोटारीच्या, त्यातही जुन्या स्पोर्ट्स कारच्या दारात पोहोचले की कित्येकदा बाहेरच थांबते. रंगाची झळाळी आणि इंजिनाचा नाद यांपुढे पिढीजात व्यापाऱ्यालाही नमुना काढण्याचे भान राहत नाही.

सुज्ञ वाचकहो, हा विषय या सदरात कशासाठी, असे कोणास वाटेल. कारण आता आपल्या घरांतील तिसऱ्या पिढीचे हे प्रश्न आहेत. परिचयातील एका व्यापारी कुटुंबातील चिरंजीवांनी २००७ सालची पोर्शे ९११ घेण्याचा विचार केला. नवी घ्यावी तर हिशेब कोटीच्या पुढे जातो. जुनी मात्र बऱ्यापैकी चारचाकीच्या भावात मिळत होती. वडिलांचा आक्षेप चैनीला होता, मुलाचे म्हणणे स्वस्ताईचे होते. दोघांचेही मूळ प्रश्नाकडे लक्ष नव्हते. तो प्रश्न असा की, ही किंमत मोटारीची आहे, की मोटारीची आणि तिच्या इंजिनात दडलेल्या एका देण्याची?

प्रथम इंजिनाविषयी. पोर्शे ९११ च्या ज्या पिढीला ९९७ असे म्हणतात, तिच्या २००८ पर्यंतच्या कॅरेरा मोटारींत ३.६ किंवा ३.८ लिटरचे, पाण्याने थंड होणारे सहा सिलिंडरांचे इंजिन असे. तीन सिलिंडर एका बाजूस व तीन दुसऱ्या बाजूस आडवे. या इंजिनांत दोन दुखणी जाणकारांना ठाऊक आहेत. पहिले इंटरमीजिएट शाफ्ट नावाच्या दांड्याच्या बेअरिंगचे. हे बेअरिंग तुटले तर धातूचे कण तेलातून सर्वत्र पसरतात आणि सबंध इंजिन निकामी होऊ शकते. मुख्यतः याआधीच्या, ९९६ पिढीच्या मोटारींना याचा उपद्रव झाला. अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात तयार झालेल्या मोटारींबाबत ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि २०१३ मध्ये त्यात समझोता झाला. पुढे कंपनीने मोठे बेअरिंग बसविले. ते अधिक टिकाऊ आहे. मात्र इंजिनाचा सांगाडा उकलल्याशिवाय ते बदलता येत नाही.

दुसरे दुखणे सिलिंडरच्या भिंतीवर पडणाऱ्या ओरखड्यांचे. पिस्टनवरील संरक्षक लेप झिजतो, पिस्टन भिंतीला घासतो, उभे ओरखडे पडतात आणि तेल जळू लागते. आरंभी केवळ टकटक असा बारीक आवाज येतो, दोहोंपैकी एका बाजूच्या धुराड्याच्या नळीत अधिक काजळी साठते, तेल वारंवार भरावे लागते. गाडी मात्र पळते, आणि छान पळते. हाच यातील खरा धोका होय. साध्या मोटारीचे इंजिन बोअर करून, नव्या रिंगा घालून काम भागते, तसे येथे भागत नाही. सिलिंडर इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या सांगाड्यातच ओतलेले असल्याने इंजिन खाली उतरवून, पूर्ण खोलून, सिलिंडरना नवे अस्तर बसवावे लागते, अथवा दुसरे इंजिन आणावे लागते. मागचे झाकण उघडून पाहावे, तर हवेची पेटी व पंखा दिसतो. इंजिनाचे दर्शन जवळजवळ होतच नाही. २००९ च्या मॉडेलपासून इंजिनाची रचना नवी झाली आणि त्यात हा दांडाच राहिला नाही. एका वर्षाच्या फरकाने भावात जो फरक पडतो, त्याचे एक कारण येथे आहे.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. समजा मालक ३५ लाख रुपये मागतो आणि इंजिन खोलण्याची वेळ आलीच तर १५ लाख रुपये लागतील. इंजिन बिघडण्याची शक्यता तीनात एक धरली, तर सरासरी नुकसान ५ लाख येते. तेव्हा ३० लाखांस गाडी योग्य, असे गणित कोणीही मांडील. जुन्या मोटारींचा जो व्यापारी वर्षाला अशा तीस गाड्या घेतो, त्याच्यापुरते हे गणित बरोबर आहे. त्याच्या दहा गाड्या बिघडतात, वीस बिघडत नाहीत आणि सरासरी जुळते. परंतु एकच गाडी घेणाऱ्याच्या आयुष्यात सरासरी येतच नाही. त्याला ५ लाखांचा खर्च कधीच होणार नाही. होईल तो शून्य किंवा १५ लाख.

म्हणून माझ्या मते सूत्र असे असावे: भाव सरासरीने बोलावा, तरतूद मात्र पूर्ण रकमेची ठेवावी. ज्याच्यापाशी ३० लाख आहेत, त्याने ही गाडी घेऊ नये. ज्याच्यापाशी ४५ लाख आहेत आणि त्यातील १५ लाख गेले तरी व्यवसायाला व घराला धक्का लागत नाही, त्याने खुशाल घ्यावी. ताळेबंदाच्या भाषेत यास संभाव्य दायित्व म्हणतात. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना दिसणाऱ्या कर्जापेक्षा अशा न दिसणाऱ्या देण्यांनीच अनेक चांगल्या पेढ्या अडचणीत आलेल्या पाहावयास मिळतात.

हे देणे दुसऱ्या कोणावर टाकता येईल का? विमा याचे उत्तर नव्हे. मोटारीच्या सर्वसाधारण सर्वसमावेशक विम्यातही झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. इंजिनासाठी जे जादा संरक्षण विकले जाते, ते प्रामुख्याने पाणी शिरण्यासारख्या प्रसंगांसाठी असते. वयोमानाने पडलेल्या ओरखड्यांसाठी नव्हे. फर्मच्या नावे घेतल्यास कर वाचेल, ही समजूतही तपासून पाहावी. अशा प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट सामान्य व्यापाऱ्यास मिळत नाही आणि खाजगी वापराच्या प्रमाणात घसाराही कमी होतो. कॅश क्रेडिट खात्यातून पैसे उचलून गाडी घेणे हे तर सर्वांत घातक. ती मर्यादा मालासाठी व उधारीसाठी दिलेली असते. हंगामाच्या तोंडावर खेळते भांडवल वर्कशॉपमध्ये अडकले, तर मोटार उभी राहतेच, पण तिच्यासोबत पेढीही उभी राहते.

मग नमुना कसा काढावा? सौद्यापूर्वी या जातीच्या गाड्यांचे काम केलेल्या स्वतंत्र तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. विकणाऱ्याने सुचविलेला माणूस नको. गाडी पूर्ण थंड असताना, आपल्या समोर, पहिल्यांदा सुरू करावयास लावावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन बरेच काही लपविते. स्पार्क प्लगच्या छिद्रातून बारीक कॅमेरा घालून सहाही सिलिंडर पाहावेत. शक्य असल्यास तेलाची खालची टाकी उतरवून खालूनही पाहावेत, कारण वरून न दिसणारे ओरखडे तेथून दिसतात. तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का, हे पाहावे. दोन भरण्यांमध्ये किती तेल लागले, याची सर्व्हिसची बिले मागावीत. ‘इंजिनचे काम झालेले आहे’ असे कोणी सांगितल्यास आनंद मानण्यापूर्वी बिल पाहावे. केवळ सील बदलणे आणि सिलिंडरना नवे अस्तर घालणे, या दोहोंनाही लोक ‘काम’च म्हणतात.

कागदांचेही अंतरंग असते. आरसी बुकातील इंजिन क्रमांक व चासी क्रमांक गाडीवर ताडून पाहावेत. इंजिन बदललेले असेल तर नव्या क्रमांकाची आरटीओत नोंद हवी. कर्ज असल्यास बँकेचा फॉर्म ३५ व ना हरकत दाखला, मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३०, दुसऱ्या राज्यातून आणल्यास फॉर्म २८ आवश्यक. विमा आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत कळवावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. २००७ च्या गाडीची ती संपून गेलेली आहे. तेव्हा नूतनीकरण झाले आहे काय, पर्यावरण कर भरला आहे काय, हे विचारावे. आयात मोटारीचे नूतनीकरण शुल्क देशी मोटारीच्या कितीतरी पट आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

कायदा खरेदीदाराचे किती रक्षण करतो? १९३० च्या वस्तुविक्रय कायद्याचे कलम १६ सामान्यतः खरेदीदारानेच पारख करावी, या बाजूचे आहे. त्याहून बोधप्रद आहे ते १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७. त्यात घोड्याची उदाहरणे दिली आहेत. सदोष घोडा लिलावात विकताना मालक दोषाविषयी गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. मात्र खरेदीदार त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि खरेदीदाराने ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’ अशा आशयाचे म्हटले व मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते.

व्यवहारी माणसाने या तिसऱ्या उदाहरणाचा उपयोग करावा. इंजिनात तेल जळते का, सिलिंडरना ओरखडे आहेत का, पूर्वी कोणी तपासणी केली होती का, हे लेखी विचारावे आणि न कळविल्यास दोष नाही असे समजून व्यवहार करीत आहोत, असे त्यात नमूद करावे. किंमतही खरीच लिहावी व बँकेमार्फतच द्यावी. दोन लाख वा अधिक रोकड स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहेच. शिवाय ज्याने कागदावर किंमत कमी दाखविली, त्याला पुढे भरपाई मागतानाही कमीच दाखवावी लागते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ गणली आहे, ती काही उगाच नव्हे.

वर उल्लेखिलेल्या कुटुंबाने तपासणी करवून घेतली. कॅमेऱ्यात दोन सिलिंडरांवर स्पष्ट ओरखडे दिसले. मालकालाही त्याची कल्पना नसावी. तो भाव बराच उतरवावयास तयार झाला. चिरंजीवांचे मन पुन्हा ओढले गेले. तेव्हा वडिलांनी चैनीचा विषय न काढता एवढेच विचारले, की उरलेले पैसे कोणत्या खात्यातून येणार? उत्तर पेढीच्याच खात्याकडे बोट दाखवू लागले आणि सौदा तेथेच थांबला. निघताना वडिलांनी तपासणीचा अहवाल मालकाच्या हाती ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो दाखवावा, अशी विनंती केली.

त्या मालकाने काय केले, हे मला ठाऊक नाही. परंतु प्रश्न त्याच्यापुरता नाही. उद्या आपल्याच घरातील सदोष वस्तू विकावयाची वेळ येईल, तेव्हा कायदा आपल्याला कदाचित गप्प बसण्याची मुभा देईल. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांतील ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे हलकी वस्तू चांगली म्हणून खपविणे, ती मुभा देत नाही. कायद्याने मुलीपुरते जे कर्तव्य मानले, ते श्रावकाने दारात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाबाबत मानावे, एवढाच याचा अर्थ.

परिग्रह-परिमाण व्रताकडेही या दृष्टीने पाहावे. परिमाण ठरविताना वस्तूची किंमत मोजून भागत नाही. ती वस्तू उद्या जे मागेल तेही त्यात धरावे लागते. तेवढे धरूनही जी मर्यादेत बसते, ती मोटार अवश्य घ्यावी, आनंदाने चालवावी. जी बसत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी आपल्याला महाग आहे.