कोल्हा ऐकायला शिका

भायखळा, आग्रीपाडा, माझगाव, लालबाग इथल्या ज्या तरुण मंडळींना रानाची ओढ आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा उत्तर अमेरिकेतला भाऊबंद. त्याच्या शिकारीचे व्हिडिओ तुमच्यातले बरेच जण रात्री मोबाइलवर पाहतात. झुडपाला पाठ लावून बसलेला शिकारी तोंडातल्या पिपाणीतून जखमी सशाचा आवाज काढतो आणि थोड्याच वेळात माळावरून कायोटी धावत येतो. पाहताना आपलाही श्वास अडकतो. त्या माणसाकडे कौशल्य आहे, यात शंका नाही. पण असे व्हिडिओ पाहून कुणी शनिवारी संध्याकाळी खिशात ब्लूटूथ स्पीकर घालतो आणि ऐरोली-विक्रोळीच्या कांदळवनाकडे निघतो, आपल्याकडच्या कोल्ह्याला तसंच बोलवायला. त्याला मला थांबवायचं आहे. आणि नुसतं थांबवायचं नाही, त्याच्या हौसेला दुसरी वाटही दाखवायची आहे.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे कोल्ह्याची शिकार बंद आहे. पुष्कळांना वाटतं, हातात बंदूक नाही, जाळं नाही, म्हणजे आपण शिकारी नाही. कायदा तसं मानत नाही. त्याच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं, फासे लावणं, हाकून काढणं आणि आमिष दाखवणंही शिकारीतच मोडतं. यातल्या कशाचा नुसता प्रयत्न केला तरीही. कोंबडीचे तुकडे टाकून कॅमेरा रोखून बसणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

मला मात्र कायद्याहून काळजी आहे ती कोल्ह्याची. मुंबईतला कोल्हा राहतो कुठे, ते पाहा. ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही बाजूंना कांदळवनाचा पट्टा आहे. विक्रोळीला, चेंबूर-ट्रॉम्बेकडे, पलीकडे ऐरोलीपासून खारघरपर्यंत त्याची वस्ती आहे. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला रस्ते, इमारती, कचरा आणि भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या. तुम्ही स्पीकरवर कोल्हेकुई लावली, की तिथल्या जोडप्याला वाटतं, आपल्या हद्दीत परका घुसला. ते पिल्लांना सोडून बाहेर येतं. जखमी प्राण्याचा आवाज लावला तर भुकेलेला कोल्हा आडोसा सोडतो आणि थेट कुत्र्यांच्या तोंडी किंवा गाडीखाली जातो. हे दोन-चारदा झालं की तो माणसाच्या जवळ यायला शिकतो, आणि शहरात माणसाजवळ आलेल्या कोल्ह्याचा शेवट सहसा चांगला होत नाही. तुमच्या मोबाइलमध्ये अर्ध्या मिनिटाची धूसर क्लिप राहते. तुम्हीही काही शिकलेले नसता. सगळं काम स्पीकरने केलेलं असतं.

अमेरिकेचं उदाहरण देता म्हणून तिथलंही पूर्ण ऐका. कायोटी मारण्याच्या बक्षिसांच्या स्पर्धा तिथे वर्षानुवर्षं भरतात. पण २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने आणि २०१८ मध्ये व्हरमाँटने त्या बंद केल्या, पुढे इतर काही राज्यांनीही केल्या. आणि इतकं मारूनही गेल्या शंभर वर्षांत कायोटी कमी झाला नाही, उलट जवळजवळ सगळ्या खंडावर पसरला. युरोपात आपल्याच जातीचा सोनेरी कोल्हा पसरतो आहे. तिथले अभ्यासक त्याच्या मोजणीसाठी कोल्हेकुई वाजवतात खरे, पण ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, लेखी पद्धतीने. ती मोजणी असते. हौस म्हणून कुणी उठून वाजवावं असा त्याचा अर्थ होत नाही.

आणखी एक सबब कानावर येते, की पारधी लोक पिढ्यानपिढ्या हाक घालून तितर बोलावत आलेच ना? आलेत. पण त्यांची ती विद्या पोटासाठी होती, आणि त्याच पोटासाठी त्यांनी इंग्रजांच्या काळापासून गुन्हेगारीचा शिक्का सोसला. ज्याच्या घरी दोन वेळचं जेवण तयार आहे, त्याने आपल्या करमणुकीला त्यांचा दाखला देऊ नये.

आता दुसऱ्या वाटेकडे येतो. ती आपल्या भायखळ्यातूनच सुरू होते, हे इथे राहणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? राणीच्या बागेला लागून जे भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याचं पूर्वीचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. तिथे १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्यांत ई. एच. एटकेन होते, तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टरही होते. महिन्यातून एकदा भेटायचं, काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचं, नमुने दाखवायचे, एवढाच त्यांचा बेत होता. सोसायटीच्या सुरुवातीच्या काळात शिकारी पुष्कळ होते. पण जनावर कुठे दिसलं, काय खात होतं, कसं ओरडलं याची टिपणं त्यांनी लिहून ठेवली, आणि तीच पुढच्या अभ्यासाला उपयोगी पडली.

पक्षितज्ज्ञ सलीम अलींची गोष्ट याच सोसायटीची. खेतवाडीत वाढलेल्या या मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला तो सोसायटीचे सचिव मिलार्ड साहेब यांच्याकडे गेला, आणि तिथल्या कपाटांतले भरून ठेवलेले पक्षी पाहून त्याचं आयुष्य बदललं. नरभक्षकांचा शिकारी जिम कॉर्बेट याचंही तसंच. १९३८ मध्ये ठाक गावच्या नरभक्षक वाघिणीला त्याने वाघाचा आवाज काढूनच समोर आणलं. पण तोवर त्याच्या मागे रान ऐकण्यात घालवलेलं अख्खं आयुष्य होतं, आणि ती वाघीण माणसं मारत होती. उत्तरायुष्यात त्याच कॉर्बेटला बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याची गोडी जास्त लागली. या दोघांच्या हातात बंदूक होती हे खरंच आहे. आपण त्यांच्याकडून घ्यायचं ते त्यांचं कान देणं आणि थांबणं.

हे कान तयार करायला लांब जायची गरज नाही. राणीची बाग १८६२ सालची, आणि झाडी दाट. पिंजऱ्यांपुढची आणि पेंग्विनपुढची गर्दी टाळून एखाद्या जुन्या झाडाखालच्या बाकावर अर्धा तास बसा. बुधवारी बाग बंद असते, तेवढं ध्यानात ठेवा. मोबाइल बंद. पहिली दहा मिनिटं फक्त बसचे हॉर्न ऐकू येतील. मग तांबटाची टुकटुक वेगळी निघेल, घारीची शीळ वेगळी निघेल. त्यानंतर खारीकडे लक्ष द्या. खार एरवीही चिवचिवते, पण खालून मांजर चाललं की ती खोडावर घट्ट चिकटून, शेपटी झटकत, एकाच तालात न थांबता ओरडत राहते. तो आवाज ओळखू आला की मांजर दिसायच्या आधीच तुम्हाला कळेल, ते कुठे आहे आणि कुठल्या दिशेने निघालं आहे. कावळ्यांचंही तसंच. एका फांदीभोवती पाच-पंचवीस कावळे जमून कालवा करत असतील तर तिथे बहुधा घुबड किंवा शिकारी पक्षी बसलेला असतो. ताडोब्यात गाइड जीप थांबवून ‘कॉल आला’ म्हणतो, ती हीच विद्या. तिथे वानर आणि चितळ सांगतात, इथे खार आणि कावळा.

दिशा ओळखायचीही सवय करा. दोन्ही तळवे ओंजळीसारखे वाकवून कानांमागे धरा आणि मान हळूहळू फिरवा. आवाज दोन्ही कानांना सारखा वाटला की तुमचं नाक बरोबर त्याच्याकडे असतं. साधी युक्ती आहे, पण रोज केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. सोबत असलेल्याला डोळे मिटून बोटाने दिशा दाखवायला सांगा, मग दोघांनी ताडून पाहा. महिनाभरात फरक पडेल.

मग खाडीकडे जा. भायखळ्याहून गाडीने ठाणे, तिथून वाशीच्या गाडीने ऐरोली. तिथे कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. समोरच्या ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. केंद्रातली माणसं कांदळवनाची ओळख नीट करून देतात, तिथूनच सुरुवात करा. कांदळवनात परवानगीशिवाय शिरायचं नाही, हे पक्कं. कायद्याचा बडगा आहेच, पण खाजणातला चिखल माणसाला मांडीपर्यंत ओढतो आणि भरती कुणासाठी थांबत नाही. जिथे जायची मुभा आहे त्या वाटेवर किंवा बांधावर राहा, आणि एकटे जाऊ नका.

जायची वेळ घड्याळापेक्षा पाण्यावरून ठरवा. कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा, उधाण (मोठी भरती) कधी आणि भांग (लहान भरती) कधी, तो बोटांवर सांगेल. ओहोटीला चिखल उघडा पडतो, चिंबोऱ्या आणि निवट्या बाहेर येतात, आणि त्यांच्यामागे कोल्हा येतो. संध्याकाळची कातरवेळ किंवा पहाट ओहोटीशी जुळली तर तो दिवस चांगला.

वाऱ्याचं गणित शाळेतच झालेलं आहे, फक्त वापरात आणायचं. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. चिमूटभर सुकी माती वरून सोडा आणि कुठे उडते ते पाहा. वारा तुमच्या तोंडावर आला पाहिजे. पाठीवर आला तर तुम्ही दिसायच्या आधी कोल्ह्याला तुमचा वास गेलेला असतो. अत्तर, डिओ घरी ठेवा. कपडे मळखाऊ रंगाचे. टॉर्च फक्त पायापुढे.

जनावर दिसलं नाही तरी वाट बोलत असते. ओल्या चिखलात कोल्ह्याचा ठसा कुत्र्यापेक्षा लहान आणि लांबट दिसतो, नखांच्या खुणा पुढे उमटतात. पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागून एकमेकींना जोडलेल्या असतात. ठसा स्वच्छ असेल तर ही खूण हमखास ओळखू येते. नखं अजिबात उमटली नसतील तर तो बहुधा मांजरकुळातला प्राणी. विष्ठा बांधावर, दगडावर, मुद्दाम दिसेल अशा जागी टाकलेली असते. तिच्यात उंदराचे केस, चिंबोरीच्या कवचाचे तुकडे, बोराच्या बिया सापडतात. काडीने उकलून पाहा, हात लावू नका.

आणि मग ती कोल्हेकुई. हिवाळ्यात, जोड्या जमण्याच्या दिवसांत, ती जास्त ऐकू येते. आधी एकजण लांब, चढत जाणारा सूर लावतो, लगेच दुसरा त्यात शिरतो, मग सगळ्यांचा एकच कल्लोळ. दोन-तीन कोल्हे असले तरी ऐकणाऱ्याला सहा-सात वाटतात, म्हणून मोजायचं ते सुरुवातीलाच, आवाज एकमेकांत मिसळण्याआधी. एक कळप थांबला की पुढचं मिनिट अजिबात हलू नका. लांबून दुसरा कळप उत्तर देतो का, ते ऐका. दोन कळपांच्या हद्दी कुठे भिडतात, याचा अंदाज तुम्हाला त्या एका मिनिटात येईल. गाडीच्या भोंग्यालाही कोल्हे कधीकधी साद देतात, तीही ऐकून ठेवा. फक्त भोंगा तुम्ही वाजवू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. २०२४ च्या पावसाळ्यानंतर चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या काही कोल्ह्यांना रेबीज झाल्याचं तपासणीत निघालं. निरोगी कोल्हा माणूस दिसताच बाजूला होतो. दिवसाढवळ्या न घाबरता जवळ येणारा, अडखळत चालणारा, लाळ गाळणारा कोल्हा दिसला तर फोटोसाठी थांबू नका. मागे सरका आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. चावा किंवा ओरखडा लागला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी नायर किंवा जे. जे. रुग्णालय गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लस अर्धवट सोडू नका.

आणखी एका गोष्टीपासून सावध राहा. ‘कोल्ह्याचं शिंग’ जत्रेत, रस्त्याकडेला आणि आता ऑनलाइनही विकलं जातं. धनलाभ होतो, खटला जिंकतो, असं सांगतात. कोल्ह्याला शिंग नसतं. केसाळ कातड्याच्या त्या गाठीसाठी कोल्हे मारले जातात, आणि ती जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. घरातल्या कुणी घेतलं असेल, तर त्यांना हे शांतपणे समजावून सांगा. विकणारा दिसला तर त्याच्याशी भांडत बसू नका, १९२६ लाच कळवा.

शेवटी वहीविषयी. सोसायटीच्या त्या आठजणांसारखी एक वही ठेवा. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, वारा कुठून, आवाज कुठल्या दिशेने, किती जणांचा, उत्तर आलं की नाही. काही ऐकू आलं नाही तर तेही लिहा. रिकाम्या रात्रींची नोंदही अभ्यासाला लागते. कांदळवनात काम करणाऱ्या अभ्यासकांना अशा नोंदी हव्या असतात, त्यांना नेऊन दाखवा. मात्र बीळ सापडलं, पिल्लं दिसली, तर ती जागा व्हॉट्सअॅपच्या कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, अगदी आपल्या मंडळाच्याही नाही. फोटोतलं लोकेशन काढून टाका आणि पिल्लं मोठी होऊन बीळ सोडेपर्यंत स्वतःही त्या बाजूला फिरकू नका.