वाडी वसविणारा गृहस्थ

आमच्या आजोळी, पलूसजवळच्या खेड्यात, परड्यात एक लोखंडी नांगर गंजत पडला होता आणि माडीवरच्या ट्रंकेत ‘स्त्री’ मासिकाचे जुने अंक होते. नांगर आजोबांचा, अंक आजीचे. दोन्ही एकाच गावाहून आले, हे मला फार उशिरा उमगले. ते गाव किर्लोस्करवाडी, आणि ते वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर. यंदाच्या दिवाळीत वाचकांशी चार गोष्टी बोलायच्या, त्या या गृहस्थाविषयी.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. व्हायचे होते चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, तर डोळ्यांना रंगच नीट कळत नाहीत असे निघाले! दुसरा एखादा कपाळाला हात लावून घरी परतला असता. यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढायला घेतली आणि पुढे तांत्रिक शाळेत शिक्षक झाले. तिथे बढतीच्या वेळी त्यांना डावलले, तेव्हा राजीनामा देऊन सरळ बेळगावला आले.

मीही मास्तरच. माझी बढती हुकली त्या दिवशी मी घरी येऊन चहा प्यालो आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर तासाला हजर झालो. म्हणून त्या राजीनाम्यापाशी मी नेहमी थबकतो.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींचे दुकान चालले. मग कडबा कापायचे यंत्र निघाले आणि मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन नासेल. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली! कुठे धंद्याने बाळसे धरले, तोच नगरपालिकेने कारखान्याची जागा मोकळी करायला सांगितली. त्या वेळी धावून आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० च्या मार्चमध्ये निवडुंग आणि दगडधोंड्यांच्या त्या माळावर पत्नी राधाबाई, घरची मंडळी आणि कामगार यांचे बिऱ्हाड येऊन पडले.

कारखाने पुष्कळांनी काढले. लक्ष्मणरावांनी मात्र घर मांडावे तशी वाडी मांडली. शिवाशिवीला तिथे थारा नव्हता. तुरुंग भोगून आलेल्या माणसांना त्यांनी राखणीच्या कामावर ठेवले. किल्ल्या चोराच्या हाती देणे, असे लोक म्हणाले असतील. पण विश्वास टाकल्यावाचून माणूस सुधारत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये मासिक काढले, पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’. जिथे नांगराचे फाळ घडत, तिथेच बायकांच्या मनाची मशागत होऊ लागली.

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत या वाडीला आग लावली गेली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा ७८. उभ्या आयुष्याची राख डोळ्यांदेखत झाली. तरी कारखाना पुन्हा उभा राहिला, तो त्यांना पाहायला मिळाला. १९५६ मध्ये ते गेले.

मागल्या वर्षी मामांनी परड्यातला नांगर भंगारात द्यायचा काढला. भंगारवाला किलोचा भाव सांगू लागला. मी म्हटले, “मामा, राहू द्या. जागा कितीशी अडते?”

मामांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “आजीही हेच म्हणायची.”