स्वतःला मारणारं मूल काय सांगतंय?

काही घरांत एक गोष्ट पाहुण्यांपासून लपवली जाते. वाढ मंदावलेलं किंवा स्वमग्न मूल स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटतं, मनगटाला चावतं, गालावर थपडा मारून घेतं. आई हात धरून ठेवते, आजी दृष्ट काढते, शेजारी म्हणतात, ‘लक्ष वेधायला करतोय.’

तुमच्या घरी असं मूल असेल, तर आधी स्वतःला दोष देणं थांबवा. ज्याला शब्दांत सांगता येत नाही, त्याचं ते सांगणं असू शकतं. काय सांगतंय, हे मात्र शोधावं लागतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा यांनी १९८२ साली सहकाऱ्यांसह हाच शोध घेतला. त्यांनी अशा ९ जणांचं वेगवेगळ्या परिस्थितींत १५-१५ मिनिटं निरीक्षण केलं: काम सांगितल्यावर, मोठी माणसं दुर्लक्ष करत असताना, एकटं असताना आणि मजेत खेळताना. बहुतेकांचं मारून घेणं एका ठरावीक परिस्थितीतच वाढत होतं. १९९४ मध्ये त्यांनी १५२ जणांच्या नोंदी मांडल्या. त्यांत सर्वांत मोठा गट, सुमारे ३८ टक्के, नकोसं काम टळावं म्हणून स्वतःला मारणाऱ्यांचा होता. लक्ष किंवा हवी ती वस्तू मिळावी म्हणून मारून घेणारे साधारण २६ टक्के होते. म्हणजे शेजाऱ्यांचा अंदाज अनेकदा चुकतो. आणि अंदाज चुकला की उपायही उलटतो. अभ्यास टाळू पाहणाऱ्या मुलाला ‘जा, कोपऱ्यात बस’ म्हटलं, तर त्याला हवं तेच मिळतं!

मग काय करायचं?

आधी डॉक्टरांना दाखवा. कानदुखी, दातदुखी, बद्धकोष्ठता, पित्त यांच्या वेदनेनेही मूल डोकं आपटतं.

मग एक वही करा. दर वेळी तीन गोष्टी लिहा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. दोन आठवड्यांत बऱ्याचदा काहीतरी सूत्र दिसू लागतं.

त्यानंतर तीच गोष्ट मागायचा सोपा मार्ग शिकवा. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ मध्ये चार मुलांवर हे करून दाखवलं. काम अवघड वाटणाऱ्यांना ‘मला समजत नाही’ म्हणायला शिकवलं, कौतुक हवं असणाऱ्यांना ‘मी नीट करतोय का?’ विचारायला. त्रासदायक वागणं खूप कमी झालं. तुमचं मूल बोलत नसेल, तर ‘थांबूया’चं चित्रकार्ड किंवा हाताची खूण चालेल. सुरुवातीला कार्ड दाखवताच काम थांबवा. मग हळूहळू ‘अजून एक मणी ओव, मग थांबू’ असं वाढवत न्या. घरातल्या सगळ्यांनी एकसारखंच वागायचं, आजोबांनीसुद्धा.

एक सावधगिरी. जुन्या पद्धतीने काही मिळेनासं झालं, की मारून घेणं आधी काही दिवस वाढू शकतं. म्हणून डोक्याला, डोळ्यांना इजा होत असेल, तर घरच्या घरी प्रयोग नकोत. तज्ज्ञांची सोबत घ्या. मारणं, बांधून ठेवणं तर मुळीच नको.

अनेक जिल्हा रुग्णालयांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘डीईआयसी’ हे सरकारी केंद्र असतं. महाराष्ट्राबाहेर असाल, तर सिकंदराबाद आणि चेन्नईजवळच्या मुट्टुकाडू इथे दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्था आहेत. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला मानसशास्त्रज्ञ शोधा आणि जाताना ती वही बरोबर न्या. दहा मिनिटांच्या भेटीत मूल कदाचित शांतच बसेल. घरी काय घडतं, ते वहीच सांगेल.